तीन इंच जास्त रुंद नदी

टेलरबाईंनी चौतीस वर्षांत हजारो माणसांची मापं घेतली आणि एकही माप खोटं लिहिलं नाही. एकदा एक गिऱ्हाईक अगदी काकुळतीला आलं होतं, "बाई, कंबर बत्तीसच लिहा ना. वाचायला बरं वाटतं हो!" बाई म्हणाल्या, "बत्तीस लिहिलं तर शिवीनही बत्तीसच. मग घालताना श्वास घरी ठेवून निघायचं, चालेल?" गिऱ्हाईक फणकाऱ्याने गेलं आणि पुढच्या आठवड्यात बहिणीला घेऊन परत आलं. बाईंचं हे असं होतं. नाकावर माशी बसू द्यायची नाही, पण अंगावर कपडा असा बसवायचा की माणसाने आरशासमोरून हलू नये.

घराची पुढची खोली म्हणजे बाईंचं दुकान, मधल्या दोन खोल्या म्हणजे संसार आणि मागची पत्र्याची शेड म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं राज्य. त्यांना सगळे सुतारकाका म्हणत. फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी त्यांच्या हाताला चैन नव्हतं. खिशात कायम पॉलिश पेपरचा तुकडा. दिसेल ते घासायचं. कपाटाचे कोपरे झाले, चमच्यांच्या मुठी झाल्या, एकदा बाईंच्या चष्म्याची काडी घासून इतकी गुळगुळीत केली की चष्मा कानावर ठरेना. बाई ओरडल्या की म्हणायचे, "अगं, टोचत असेल म्हणून..." कुणाला काही टोचू नये, एवढीच त्या माणसाची इच्छा.

दुकानात मोठ्या टेबलामागे एक खिळा होता आणि त्यावर बाईंची कात्री. बारा इंची, काळ्या मुठीची, तिच्या वजनानेच कापड कापलं जाईल अशी. तिला बाईंशिवाय कुणी हात लावायचा नाही. मशीनवर बसणारी मदतनीससुद्धा तिच्याकडे लांबूनच बघायची. काका एकदा त्या कात्रीने सुतळी कापायला गेले होते. तो किस्सा घरात अजून सांगितला जातो, म्हणजे बाई सांगतात आणि काका ऐकतात.

तर अशा बाई एका सकाळी वरच्या फळीवरचा अस्तराचा तागा काढायला स्टुलावर चढल्या आणि स्टुलासकट खाली आल्या. स्टूल काकांनी बनवलेलं, त्याला काही झालं नाही. बाईंचं उजवं मनगट मोडलं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात बाहेर आला तो बाईंना आपला वाटेना. बोटं ताठ, अंगठा रुसून एका बाजूला बसलेला. घरी आल्या आल्या त्यांनी आधी कात्री काढली. ती कशीबशी उघडली, पण मिटेना. त्यांनी ती दोन्ही हातांनी परत खिळ्याला लावली आणि मदतनिसेला सांगितलं, "नवं कटिंग घ्यायचं नाही. हेम दुमडायचे नि चेना बदलायच्या." आणि आत जाऊन पाणी प्यायल्या, तहान नसताना.

बोटांचे व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण बाईंच्या लेकीच्याच वयाची होती. बाईंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'बोटंवाली' ठेवलं. बोटंवाली गोड बोलायची, पण सांगायचं ते सांगून मोकळी व्हायची.

"काकू, आपल्याकडे तीन महिने आहेत. चिमटीतला जोर परत यायचा तेवढा याच दिवसांत येतो. नंतर फारसं काही हलत नाही."

"आणि कात्री?"

"सगळा खेळ चिमटीचाच आहे. ती आली तर कात्री आली."

"नाही आली तर?"

"म्हणून तर रोज शंभर वेळा करायचं," बोटंवाली म्हणाली आणि तिने खेळण्यातले दोन ठोकळे बाईंच्या हातात दिले. ते टचकन एकात एक बसणारे, डोक्यावर टेंगळं असलेले, लहान मुलांचे ठोकळे. जोडायचे आणि सोडवायचे. "घरी असतील ना असले?"

घरी होते. लेक नोकरीसाठी दूर गेली होती, पण तिचं लहानपण माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवलेलं होतं. काकांनी डबा काढला, ठोकळे धुतले, पुसले. तीन दिवस बाईंनी निमूटपणे जोडले आणि सोडवले. चौथ्या दिवशी डबा लोटून दिला.

"हे काय काम आहे? जोडलेलं सोडवा, सोडवलेलं जोडा! नुसता हात हलवायला मी काय छताचा पंखा आहे? समोर कुणी हरवायला असेल तर माणूस करेल तरी!"

"मग मला हरव," काका म्हणाले. ते थट्टेतच म्हणाले, पण बाईंचे डोळे चमकले. काकांनी ते पाहिलं आणि आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं.

कटिंगचं टेबल रिकामंच पडलं होतं. बाईंनी त्यावर हिरवं सुटिंग अंथरलं, ती जमीन झाली. मधोमध निळ्या अस्तराची पट्टी आडवी टाकली, ती नदी. तिच्यावर काकांनी एक छोटा लाकडी पूल करून ठेवला, अर्थातच चारही बाजूंनी घासून. लाल ठोकळ्यांची फौज काकांची, पांढऱ्यांची बाईंची. तीन ठोकळे एकावर एक ठेवले की शिपाई, चार ठेवले की घोडेस्वार, पाच ठेवून वर पिवळा चढवला की सेनापती. चाल मोजायला बाईंच्या गळ्यातला टेप. शिपायाला चार इंच, घोड्याला आठ.

"आणि सेनापतीला?" काकांनी विचारलं.

"दोन. मोठी माणसं हळूच हलतात."

बाईंना या हाताने लिहिता येत नव्हतं, म्हणून मापांच्या जुन्या वहीत नियम काकांनी लिहायचे. दोघे भिडले की दोघांनी फासा टाकायचा, आपल्या अंगावर जितके ठोकळे असतील तितके त्यात मिळवायचे. ज्याची बेरीज जास्त, त्याने समोरच्याच्या डोक्यावरचा एक ठोकळा काढायचा. सगळे ठोकळे गेले की शिपाई मेला. सेनापतीचा पिवळा गेला की लढाई संपली.

"पण ट्रायल घेतल्याशिवाय नाही," बाई म्हणाल्या. "ट्रायल घेतल्याशिवाय मी कुणाला बाही दिली नाही, नियम काय देणार!"

पहिली ट्रायल तीन दिवस चालली, कारण शिपाई एकमेकांपर्यंत पोचेचनात. टेबल अर्धं केलं. दुसऱ्या ट्रायलला लढाई एवढी लवकर संपली की चहा गरमच होता. तिसऱ्या वेळी कळलं की ज्याचा ठोकळा आधी गेला तो पुढेही हरतच जातो. मग बाईंनी नियम काढला, आपला साथीदार शेजारी उभा असेल तर बेरजेत दोन जास्त धरायचे. काका म्हणाले, "हे बरं आहे. एकट्याने कुणी लढूच नये." खेळ हळूहळू अंगाला बसायला लागला. एक गोष्ट मात्र काही केल्या जमेना. नदी दहा इंच रुंद होती आणि पाण्यात थांबायचं नाही असा नियम. आठ इंचांचा घोडा ओलांडणार कसा? त्यामुळे दोन्ही फौजा त्या एवढ्याशा पुलावर खेटून उभ्या.

"घोड्याला अकरा इंच दे ना," काका म्हणाले.

"म्हणजे तो एका उडीत माझ्या सेनापतीच्या मांडीवर येऊन बसेल."

"मग कापड दुमडू."

"दुमडलं की फुगतं. शिपाई कलंडतात. नदीच रुंद आहे. तीन इंच कापायला हवेत."

"आण, मी कापतो."

बाईंनी नुसतं बघितलं. काकांना सुतळी आठवली.

"माझ्या कापडाला दुसऱ्याचा हात लागायचा नाही," बाई म्हणाल्या. "माझा हात आला की कापीन. तोवर पुलावर मरा."

त्याच दिवशी बाईंनी सगळ्यात कडक नियम लिहायला लावला. ठोकळा उजव्या हातानेच काढायचा, तोही दहा मोजेपर्यंत. निघाला नाही तर शिपाई वाचला. काकांनी पेन खाली ठेवलं. "अगं, हा नियम फक्त तुलाच जड जाणार."

"माझ्यासाठीच तर खेळ काढलाय. लिहा."

काकांनी लिहिलं. आणि बाई हरायला लागल्या. फासा चांगला पडायचा, बेरीज जास्त व्हायची, पण ठोकळा हलायचा नाही. काका मोजायचे, तेही किती हळू! "सातऽऽ... आठऽऽ... आठ आणि थोडंसं..." बाईंच्या कपाळावर घाम, दाताखाली ओठ, नखं पांढरी फटक. दहा झाले की लाल शिपाई तसाच उभा. असे पंधरा दिवस गेले.

मग एका दुपारी तीन वाजता पहिला ठोकळा निघाला. टक! बाई क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी चार निघाले. आठवड्याभरात बाई सहा-सातच्या आत लाल शिपाई सोलायला लागल्या. काय तो तोरा! लेकीचा फोन आला की आधी लढाईची बातमी. "तुझ्या बापाला धूळ चारली आज. सलग अकरावी!" काका हसून मान डोलवायचे. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर हल्ली लालसर पूड दिसायची. शेडमध्ये काहीतरी रंगकाम चाललं असेल, असं बाईंना वाटलं.

दोन महिने झाले तेव्हा बाई बोटंवालीकडे गेल्या त्या जवळजवळ नाचतच. बोटंवालीने चिमटीचं यंत्र पुढे केलं. बाईंनी दाबलं. काटा थोडासा हलला आणि थांबला. बोटंवालीने कपाटातून दोन ठोकळे काढले, एकमेकांत दाबून बसवले आणि म्हणाली, "काकू, हे सोडवा बरं."

बाईंनी ऐटीत धरले. मनातल्या मनात मोजलं. पाच. सात. दहा. वीस. ठोकळा जागचा हलला नाही.

"घरी तर निघतात," बाई म्हणाल्या. आपला आवाज इतका बारीक येऊ शकतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

घरी येऊन त्यांनी चप्पलही काढली नाही. थेट टेबलाशी गेल्या, एक लाल ठोकळा उचलला, चष्मा लावला. डोक्यावरची टेंगळं झिजलेली, चकचकीत, कडांना गोल. मग पांढरा उचलला. त्याची टेंगळं जशीच्या तशी. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जगात असं काम करणारा माणूस एकच होता आणि तो त्या वेळी शेडमध्ये शीळ घालत होता.

"अहो!"

शीळ थांबली. काका दारात आले, ठोकळा पाहिला आणि मान खाली घातली. शेंडी लावणं त्यांना कधी जमलंच नव्हतं, पकडल्यावर तर नाहीच.

"किती घासलेत?"

"सगळे. लाल सगळे." त्यांनी बाहीवरची लाल पूड झटकली. "तुझ्या कपाळावर घाम यायचा गं. मला बघवेना."

"चौतीस वर्षं मी परक्या बाईच्या कमरेचं माप खोटं लिहिलं नाही," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही माझ्या हाताचं माप खोटं केलंत. मी तीन आठवडे मूर्खासारखी नाचत होते. माझे तीन आठवडे गेले, कळतंय का तुम्हाला? बाराच होते माझ्याकडे!" आणि त्या रडल्या, अगदी मोठ्याने. काका दारातच उभे राहिले, त्यांना ना आत येता येईना, ना बाहेर जाता.

पुढचे दोन दिवस घरात अबोला. लेकीचा फोन आला तर बाई स्पीकर लावून म्हणाल्या, "तुझ्या बापाला विचार, चहा पाहिजे का."

"आई, बाबा तुझ्या शेजारीच बसलेत ना?"

"बसू देत."

"बाबा, चहा पाहिजे का?"

"हो म्हणून सांग," काका म्हणाले. लेकीच्या गावाहून दोन डोंगर आणि एक वाळवंट ओलांडून तो चहा शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचला.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर काका टेबलाशी आले तर बाई फौजा मांडत होत्या. लाल बाईंच्या बाजूला, पांढरी समोर.

"आजपासून लाल फौज माझी," बाई म्हणाल्या. "पांढरी तुमची. म्हणजे मला घट्ट ठोकळे काढावे लागतील. बसा."

"पण लालवाले सैल झालेत. उचलले की पडतील."

"पडू देत. हलवताना पडला तर गेला, असा नियम लिहा."

"अगं, ही तर माझ्या चुकीची शिक्षा तुला."

"मग लिहिताना लाजा थोडे. आणि मोजायचं ते घड्याळासारखं. 'आठ आणि थोडंसं' ऐकलं तर पूल डोक्यात घालीन."

आता खेळ खराच अवघड झाला. झिजलेला लाल शिपाई उचलायचा तर चिमटी हलकी हवी, जरा जास्त दाबलं की वरचा ठोकळा घरंगळून नदीत. पांढऱ्याचा ठोकळा उपटायचा तर तीच चिमटी कडक हवी. बाई धडाधड हरायला लागल्या. पण चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली आणि त्या खेळ मध्येच सोडून बसून राहिल्या. झिरझिरीत कापड असंच तर धरावं लागतं, जोर न लावता. आणि कोटाचं जाड कापड असंच कापावं लागतं, जोर लावून. खेळात जे जमत नव्हतं ते हाताचं जुनंच काम होतं. "तुमच्या मूर्खपणातून एक बरा नियम निघाला," त्या म्हणाल्या. काकांनी तेवढ्या कौतुकावर दोन दिवस काढले.

आणि काकांनी खरंच घड्याळासारखं मोजलं. त्यांचा चेहरा बघायला हवा होता! बाईंना घाम फुटला की ते छताकडे बघायचे, मांडीवरची मूठ आवळायचे, पण आकडा लांबवायचे नाहीत. पॉलिश पेपर त्यांनी शेडमध्ये कुलपात ठेवला आणि किल्ली मदतनिसेकडे दिली. कधी पांढरा एखादा निघायचा, कधी तीन दिवसांत एकही नाही. पण निघालेला खरा असायचा.

बोटंवालीकडे शेवटचं जायचं त्याच्या आदल्या दुपारी लढाई मांडली. काकांनी आपला सेनापती रचला आणि पिवळा ठोकळा वर ठेवून अंगठ्याने दाबला. मग टेबलावर ओणवे झाले, पूर्ण भार टाकला आणि आयुष्यभर रंधा मारलेल्या हाताने आणखी एकदा दाबला. बाई बघत होत्या.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं," काका म्हणाले. "आता कुणाच्या बापाला निघायचा नाही."

बाईंना फार बरं वाटलं. इतक्या महिन्यांत त्यांना कुणी इतक्या मानाने वागवलं नव्हतं.

नेहमीप्रमाणे पुलावर गर्दी झाली. बाईंचे शिपाई एकेक करून गळले. शेवटी दोन घोडेस्वार उरले, तेही अर्धेच. पण दोघे शेजारी शेजारी राहिले, पूल ओलांडून सेनापतीला भिडले. फासा पडला. पाच. अंगावरचे दोन, साथीदाराचे दोन. काकांचा पडला दोन, वर अंगावरचे सहा. बेरीज बाईंची जास्त, एकानेच.

बाईंनी डाव्या हाताने सेनापतीचं बूड धरलं आणि उजव्या अंगठ्याने नि बोटाने पिवळा.

"एक," काका म्हणाले. "दोन. तीन."

काहीच हललं नाही.

"चार. पाच. सहा."

बाईंचं कपाळ ओलं झालं. काकांनी मांडीवरची मूठ आवळली, पण मोजणं थांबलं नाही. "सात. आठ."

अंगठा दुखून आला. बाईंनी तो सोडला नाही.

"नऊ..."

टक!

पिवळा ठोकळा चिमटीत होता. बाईंनी खालच्या पांढऱ्याच्या टेंगळांवरून नख फिरवलं, घासलेली नाहीत ना म्हणून. मग उठल्या, खिळ्यावरची कात्री काढली आणि म्हणाल्या, "हात धुवून या. कापड धरा."

काकांनी नदीचं एक टोक धरलं. बाईंनी टेप लावला, खडूची रेघ मारली आणि कात्री उघडली. ती मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. त्या जड पात्यांचा चर्र चर्र आवाज घरात साडेचार महिन्यांनी आला आणि मशीनवर बसलेल्या मदतनिसेने पाय थांबवला. हात मध्येच दोनदा थांबला. रेघ संपेपर्यंत मात्र बाईंनी कात्री खाली ठेवली नाही.

निळी चिंधी खाली पडली. बाईंनी लगेच टेप लावून नदी तपासली. या टोकाला बरोबर सात इंच. त्या टोकाला...

"सातच आहे," काका घाईने म्हणाले.

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

"सव्वासात," काका पुटपुटले.

"सव्वासात," बाई म्हणाल्या. त्यांनी वही आपल्याकडे ओढली आणि काकांच्या खिशातलं पेन घेतलं. काकांच्या सुबक अक्षरातल्या पंधरा नियमांखाली त्यांनी उजव्या हाताने, लहान मुलासारख्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: नदी एका टोकाला सात, दुसऱ्या टोकाला सव्वासात.

काका त्या ओळीकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून वाहायला लागले.

"पुसा ते डोळे," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा आवाजही काही फार सुका नव्हता. "अस्तराला डाग पडतो."